वरची कप्पी मोठी केली की वजन हलकं होतं म्हणे!

सातपूरकर: काल निफाडच्या एका भाऊंनी व्हिडिओसकट पोस्ट टाकली. विहिरीतली मोटर काढायला घरीच विंच केलं, २ क्विंटललाच दम तोडायचं, मग वरची ४ इंची कप्पी काढून १२ इंची लावली आणि आता १ एचपीवर ५ क्विंटल उचलतं, "कप्पी जेवढी मोठी तेवढं वजन हलकं". खाली नुसते अंगठेच अंगठे. राहवलं नाही म्हणून लिहितोय. वरची कप्पी फक्त दोराची दिशा बदलते हो! ४ इंची लावा नाहीतर बैलगाडीचं चाक लावा, ५ क्विंटलला दोरात ताण ५ क्विंटलच. ताण निम्मा करायचाय तर खाली हुकाला दुसरी कप्पी घालून दोर डबल करा, मग दोर दुप्पट लागणार आणि वेग निम्मा होणार, फुकट काही मिळत नाही. आपण सगळ्यालाच पुली म्हणतो तिथं घोळ आहे. बेल्टची पुली मोटरवर लहान आणि गिअरबॉक्सवर मोठी, त्यानं जोर वाढतो. दोर ज्यावर गुंडाळतो त्या ड्रमचं उलटं, तो मोठा केला की मोटरला जड.

बागायतदार निफाड: पोस्ट माझीच आहे. काका, तुम्ही कागदावर उचलता, मी विहिरीवर उचलतो. आधी उचलत नव्हतं, आता उचलतंय, व्हिडिओ आहे. अजून काय पाहिजे?

मोटेचा नातू: बरोबर बोलले भाऊ. आमच्या आजोबांच्या मोटेला वर हे एवढं बाभळीचं चाक होतं, एकदा मोडलं म्हणून लहान बसवलं तर बैल दुपारीच खाली बसले. आजोबा काय इंजिनिअर नव्हते, पण त्यांना कळत होतं.

सातपूरकर: मोटेचं मान्य, पण ते घर्षण हो. आस तोच आणि चाक मोठं, म्हणजे घासण्यात जोर कमी जातो. गंजक्या बुशाच्या ४ इंचीवरून बेअरिंगच्या १२ इंचीवर गेलं की थोडं हलकं लागणारच. थोडं! दोनाचे पाच नाही होत. भाऊ, खरं सांगा, गिअरबॉक्सवरची पुली पण बदलली का? पोस्टमध्ये तुम्हीच लिहिलंय की आधी ६० फूट दोन मिनिटांत यायचं, आता चार लागतात.

बागायतदार निफाड: हो, ती पण ६ ची १२ केली. त्याच दिवशी. म्हणून काय झालं?

सातपूरकर: म्हणून काय झालं??? मोटर मिनिटाला १४४० फेरे, तिच्यावर ३ इंची पुली, बॉक्स ४० चा, म्हणजे आत ४० फेरे तेव्हा बाहेर एक, ड्रम ६ इंची. आधी ड्रम मिनिटाला १८ फेरे मारत होता, आता ९. वेग अर्धा झाला, जोर डबल झाला. उचललं त्या पुलीनं आणि हार घातला वरच्या कप्पीला.

सिन्नरचा वायरमन: तुमची पुली राहू द्या, ब्रेक कुठंय ते सांगा. व्हिडिओत मला तरी दिसला नाही.

बागायतदार निफाड: गिअरबॉक्स वर्म गिअरचा आहे, वजनानं मागं फिरत नाही. दुकानदारानं हातानं फिरवून दाखवलं.

सिन्नरचा वायरमन: मलाही दाखवलं होतं. मोटर अर्ध्यात असताना लाइट गेली, म्हटलं वर्म आहे, घरी जाऊन जेवलो. शेजारच्या बांधावर डिझेल इंजिन धडधडत होतं. परत आलो तर दोर चार-पाच फूट खाली. जुना बॉक्स, आतलं झिजलेलं, त्या धडधडीनं इंच इंच सरकत गेला. ब्रेक ड्रमवरच पाहिजे, मोटरवर लावला आणि बेल्ट तुटला तर काय कामाचा?

कांदाचाळ लासलगाव: लाइटचं नाव काढलंत म्हणून बोलतो. आमच्याकडं रात्रीची लाइट, तीही १८० व्होल्ट. विंच काय, पंख्याला ढकलावं लागतं. अर्ज करून करून थकलो, साहेब म्हणतात लोड वाढवून घ्या.

सिन्नरचा वायरमन: १८० ला मोटरचा जोर ६० टक्क्यांवर येतो, व्होल्टेजच्या वर्गाने पडतो ना तो. गुणगुणते, गरम होते, जळते. माझा निम्मा धंदा यावरच चालतो, त्यामुळे तक्रार नाही.

मोटेचा नातू: बैलाला व्होल्टेज लागत नव्हतं.

कांदाचाळ लासलगाव: मग बैल पाळा ना! कडबा काय भाव आहे माहितीये का? नुसतं आजोबा आजोबा.

मोटेचा नातू: आजोबांवर जायचं काम नाही.

गंगापूररोडची ताई: दादांनो, भांडा खुशाल, पण दोन क्विंटलची मोटर काढायला हे सगळं कशाला? तिपाई आणि चेन ब्लॉक भाड्यानं आणा, सोडला तर जागेवर थांबतो. आणि कोणी त्या हुकाला लटकून विहिरीत उतरू नका, आमच्या गावात एकानं हातपाय मोडून घेतलेत.

बागायतदार निफाड: ताई, चेन ओढून ओढून खांदे निघतात, म्हणून तर विंच केलं. बरं काका, जिंकलात, श्रेय खालच्या पुलीला. पण वरची १२ इंची मी काढणार नाही.

सातपूरकर: काढूच नका! तारेचा दोर ८ एमएम असेल तर कप्पी त्याच्या वीसेक पट हवी, म्हणजे ६ इंचाच्या वरच. ४ इंचीवर तारा तुटून काटे आले असते. म्हणजे बरोबर केलंत, कारण चुकलं एवढंच. ती कप्पी लटकवलीय कशाला? एका बाजूला ५ क्विंटल, दुसऱ्या बाजूला ड्रमचा तेवढाच ओढा, म्हणजे वर १० क्विंटल.

बागायतदार निफाड: द्राक्षाच्या मांडवातला जुना अँगल होता, तोच आडवा टाकलाय.

सातपूरकर: भाऊ, उद्या काही उचलू नका. पत्ता मेसेज करा, मी सकाळीच निघतो.