तालुक्याच्या गावात बसून कुत्र्यामांजरांचे अवघड आजार शिकायचे कसे?

बार्शीकर_डॉक्टर:

नमस्कार मंडळी. बार्शी भागात १४ वर्षं खासगी प्रॅक्टिस करतोय. शिकलो परभणीला. पहिली दहा वर्षं म्हशी, जर्सी गाई आणि शेळ्या यांतच गेली. मोटारसायकलला किट बांधायचं आणि वस्तीवर जायचं. अडलेलं वासरू काढायला रात्री दोनला फोन करा, आजही येतो. पण गावाबाहेर प्लॉट पडले, बंगले झाले, आणि आता सकाळच्या दहा केसमध्ये सहा-सात कुत्री नाहीतर मांजरं असतात. लसी, जंत, खरूज, पार्व्हो, गोचीड ताप इथपर्यंत मी ठीक आहे. त्यापुढे माझी गाडी रुतते.

मागच्या दिवाळीतलं सांगतो. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आहेत, त्यांचा ११ वर्षांचा पॉमेरेनियन, बंट्या. खोकला होता. पहिल्यांदा आले तेव्हा सिरप आणि डॉक्सी दिली. दुसऱ्यांदा अँटिबायोटिक बदललं, ‘हवा बदललीय’ म्हणालो. तिसऱ्यांदा थेट रात्री साडेअकराला, मान लांब केलेली, कोपरं बाहेर फाकवलेली, हिरड्या निळसर. लॅसिक्स (फुप्फुसातलं पाणी उतरवणारं औषध) दिलं, ऑक्सिजन जोडेपर्यंत टेबलावरच गेला.

मला छळतंय ते पुढचं. पहिल्याच दिवशी हृदयाची मर्मर (ठोक्यांमधला जादा फुसफुसणारा आवाज) मला ऐकू आली होती. केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे. लिहिली, पण मर्मर आहे म्हणजे आता करायचं काय, हे माहीत नव्हतं, म्हणून खोकल्याकडे वळलो. काकांनी जाताना फी विचारली. ती मी घेतली नाही, पण त्यांनी विचारली हे डोक्यातून जात नाही.

त्यानंतर पेटून उठून एका शहरातल्या दोन दिवसांच्या सेमिनारला गेलो. फी भरली, लॉजवर राहिलो, दवाखाना बंद ठेवला. पहिल्या लेक्चरला एमआरआयच्या स्लाइड. माझ्या जिल्ह्यात कुत्र्याचा एमआरआय कुठे करू? मग एका खाद्य कंपनीचं भाषण, मग पनीर, मग सर्टिफिकेट आणि बॅग. बॅग चांगली आहे, मुलगा क्लासला नेतो.

तर विचारायचं आहे ते असं. वय ३९, एमव्हीएस्सी (पशुवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करायला घर सोडून जाणं आता शक्य नाही. हृदय, किडनी, फिट्स, मांजरांचे ते विचित्र ताप हे सगळं इथे बसून शिकता येतं का? इकोचं (हृदयाच्या सोनोग्राफीचं) मशीन हप्त्यावर घ्यावं का? की सरळ ‘पुण्याला न्या’ म्हणून हात वर करावेत? दहातले आठ लोक पुण्याला जात नाहीत, घरी परत नेतात.

कोथरूड_स्मॉल_ॲनिमल:

डॉक्टर, बंट्याचं वाचून वाईट वाटलं. माझ्या खात्यावरही असे आहेत, आणि मी पुण्यात बसते.

मशीन आत्ता घेऊ नका. प्रोब धरायला महिन्यात येतं, पण समोर दिसतंय ते खरं आहे की आपल्याला हवं ते आपण बघतोय, हे कळायला फार वेळ लागतो. तोवर हप्ता फिटावा म्हणून प्रत्येक कुत्र्याचा इको करत बसाल. तुमच्याकडे स्टेथोस्कोप आहे, गावात माणसांचं एक्स-रे सेंटर असणारच. बंट्याच्या आजारापुरतं एवढ्यावर पुष्कळ होतं.

छोट्या जातीचा म्हातारा कुत्रा आणि डाव्या बाजूला, हृदयाच्या टोकाकडे मर्मर असेल तर पहिला संशय मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेचा. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिनचं २०१९ चं कन्सेन्सस स्टेटमेंट नेटवर फुकट वाचायला मिळतं. त्यात ए, बी वन, बी टू, सी, डी अशा पायऱ्या आहेत. मर्मर आहे, त्रास काही नाही आणि हृदय वाढलेलंही नाही, तो बी वन. त्याला औषध नको. त्रास नाही पण हृदय पुरेसं वाढलंय, तो बी टू, आणि तिथे पिमोबेंडन हे हृदयाला बळ देणारं औषध सुरू करायचं. २०१६ साली एपिक नावाची चाचणी छापून आली, ३६० कुत्र्यांवरची. बी टूमध्ये पिमोबेंडन दिल्यावर हार्ट फेल्युअर साधारण १५ महिने पुढे ढकललं गेलं. पॉमच्या आयुष्यात १५ महिने म्हणजे किती, ते तुमच्या काकांना विचारा.

आता हृदय वाढलंय हे इकोशिवाय कसं कळणार? आडव्या, म्हणजे कुत्रं कुशीवर झोपवून काढलेल्या एक्स-रेवर मोजायचं. श्वासनलिका जिथे दुभंगते तिथून हृदयाच्या टोकापर्यंत एक रेघ, आणि तिला काटकोनात, सर्वांत रुंद जागी दुसरी. दोन्ही लांब्या छातीच्या चौथ्या मणक्याच्या पुढच्या कडेपासून मागे मोजायच्या आणि किती मणके भरले त्याची बेरीज करायची. साडेदहापर्यंत बहुतेक कुत्री नॉर्मल असतात. पॉममध्ये नॉर्मलच थोडं जास्त येतं, म्हणून अकराला घाबरू नका. इको नसेल आणि आकडा साडेअकराच्या वर असेल तर त्याच्या आधारावर बी टू धरून औषध सुरू करता येतं, हे त्या स्टेटमेंटमध्येच आहे. पट्टी आणि पेन्सिल लागते, बस.

उलटी चूकही करू नका हं. एका बंट्यानंतर माणूस प्रत्येक खोकल्याला लॅसिक्स देतो. पॉममध्ये श्वासनलिका चपटी होऊन हंसासारखा आवाज काढणारा खोकला भरपूर दिसतो, आणि मर्मरही सोबत असू शकते. ठोके श्वासाबरोबर कमीजास्त होत असतील, कुत्रं निवांत असेल, तर फुप्फुसात पाणी असण्याची शक्यता कमी. मालकाला घरचा अभ्यास द्या: गाढ झोपेत असताना ३० सेकंद श्वास मोजायचे आणि दुप्पट करायचे. मिनिटाला ३० च्या खाली हवेत. चढत गेले तर त्याच दिवशी दवाखान्यात.

शिकायची माझी पद्धत विचारलीत तर, केस टेबलावर असताना त्याच आजाराचं वाचते. एरवी वाचलेलं राहत नाही. किडनीसाठी आयरिसची (किडनीच्या आजाराच्या पायऱ्या ठरवणाऱ्या संस्थेची) वेबसाइट आहे, तीही फुकट. कुत्र्याच्या रक्तात क्रिएटिनिन (किडनी बिघडली की हे वाढतं) २.९ ते ५ म्हणजे तिसरी पायरी, त्यावर गेलं की चौथी. पण आकडा बघायचा तो सलाइन देऊन कोरडेपणा भरून काढल्यावर. नाहीतर उलट्यांनी सुकलेल्या कुत्र्यालाही चौथ्या पायरीवर बसवाल. फिट्सचं वेगळं लिहीन कधीतरी, आज ओपीडी भरलीय.

श्रेणी_एक_निवृत्त:

मी पशुधन विकास अधिकारी होतो, ३१ वर्षं. तुमच्यासारखाच, कुत्र्याला म्हशीचं पिल्लू समजून वागवलेला. तेव्हा दोन गोष्टी सांगायचा अधिकार आहे.

गाईचं ज्ञान वाया जात नाही, फक्त उलटं करून वापरावं लागतं. गाईचा मिल्क फिव्हर तुम्हाला झोपेत कळतो. व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत कान गार, मान पोटाकडे वळवून बसलेली. लहान कुत्री मात्र व्यायल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आणतात. कॅल्शियम तिचंही कमीच असतं, पण ती थंड पडत नाही, थरथरते, ताठते, अंग तापतं. माझ्याकडच्या पहिल्या अशा कुत्रीला मी धनुर्वात समजलो होतो. कॅल्शियम शिरेतून अगदी सावकाश द्यायचं, एका हातात सिरिंज आणि कानात स्टेथोस्कोप. ठोके मंदावले की थांबायचं. गाईला साडेचारशे मिलीची बाटली लटकवून पानतंबाखू होईपर्यंत गप्पा मारायची सवय इथे घात करते.

दुसरं, बेरेनिल, गोचीड तापावरचं इंजेक्शन. आपल्याला वाटतं लघवी लाल, गोचीड आहे, मार बेरेनिल. कुत्र्यातला बबेसिया गिब्सोनाय हा रक्तातला परजीवी त्याने नीट मरत नाही. कुत्रं आठवडाभर उठून बसतं, मालक पेढे आणतो, आणि महिन्याने परत तेच. आपण पुन्हा बेरेनिल मारतो, आणि डोस चढला तर मेंदूवर जातं. त्याला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन, दहा दिवस. महाग पडतं, मालकाला आधी सांगा. हे मला निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी एका पोरसवदा डॉक्टरने शिकवलं. आधी राग आला होता.

मांजरवाली_शिरवळ:

सर, मी शिरवळच्या कॉलेजातून चार वर्षांपूर्वी बाहेर पडले. मांजरांच्या विचित्र तापाबद्दल लिहिते.

कोवळं मांजर, पोट फुगलेलं, ताप अँटिबायोटिकला दाद देत नाही. पोटातून सुईने पाणी काढलं तर पिवळं, मधासारखं तार धरणारं. हा फिप, म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा आजार, असू शकतो. रिवाल्टा टेस्ट दवाखान्यातच होते: परीक्षानळीत ८ मिली डिस्टिल्ड वॉटर, एक थेंब ॲसेटिक ॲसिड, हलवायचं, मग पोटातल्या पाण्याचा एक थेंब वरून अलगद. विरघळला तर फिपची शक्यता बरीच कमी. जेलीफिशसारखा तसाच खाली तरंगत गेला तर संशय पक्का होतो, पण जंतुसंसर्गातही असं होतं, म्हणून पेशी बघायच्याच. सोबत अल्ब्युमिन-ग्लोब्युलिनचं गुणोत्तर. ०.४ च्या खाली असेल तर फिपच्या बाजूने, ०.८ च्या वर असेल तर दुसरं काहीतरी शोधा.

आम्हाला हा आजार ‘मरतोच’ म्हणून शिकवला. पण २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या पेडरसन यांनी जीएस-४४१५२४ हे विषाणूविरोधी औषध वापरून ३१ मांजरांवर उपचार केले, त्यातली २५ टिकली. कोविडमध्ये ज्यासाठी रांगा लागल्या ते रेमडेसिवीर शरीरात याच औषधात बदलतं. कोर्स ८४ दिवसांचा. डोस मात्र एखाद्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवरून घेऊ नका, आधी केलेल्या डॉक्टरशी बोला. मला पहिल्या मांजराच्या वेळी एका सिनियर मॅडमने रोज रात्री फोनवर वजन विचारलं, कारण वजन वाढलं की डोस वाढवायचा असतो. त्या ८४ दिवसांत मी जेवढं शिकले तेवढं इंटर्नशिपमध्ये नाही.

लॅब्याची_आई:

मी डॉक्टर नाही, लातूरला शाळेत शिकवते. आमच्या कुत्रीला फिट्स यायच्या तेव्हा इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ‘ताई, मला नक्की माहीत नाही, उद्या विचारून सांगतो.’ दुसऱ्या दिवशी खरंच फोन आला. पुढची फिट आली की मोबाइलवर शूट करा म्हणाले. गेली पाच वर्षं आम्ही त्यांच्याकडेच जातो. तुम्हीही काकांना खरं सांगितलंत का?

बार्शीकर_डॉक्टर:

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा प्रश्न लागला. सांगितलं नव्हतं. काल काकांच्या घरी जाऊन आलो. मर्मर ऐकली होती आणि मला पुढचं कळलं नव्हतं, एवढंच बोललो. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, शेजारच्या जोशी वहिनींचा पॉम पण खोकतोय, बघता का.

बघितला. नऊ वर्षांचा, मर्मर आहे, पण ठोके श्वासाबरोबर मागेपुढे होतात, आणि अंगणभर पळतोय. वहिनींना झोपेतले श्वास मोजायला लावलेत. पहिल्या रात्री २२, दुसऱ्या रात्री २४, कॅलेंडरवर लिहून ठेवतात. लॅसिक्स दिलेलं नाही. हात शिवशिवत होता, खरं सांगतो.

इकोचा विचार सोडला. रिवाल्टासाठी ॲसेटिक ॲसिड मागवलंय. निवृत्त साहेब, बेरेनिलच्या बाबतीत माझ्याच रजिस्टरमध्ये परत परत आलेली चार कुत्री सापडली, त्यांना फोन करतोय. कोथरूडच्या मॅडम, उद्या सकाळी त्या पॉमचा आडवा एक्स-रे. माणसांच्या सेंटरवाल्याने साडेसातला, पेशंट यायच्या आत, बोलावलंय. रेघा मारून फोटो इथे टाकतो. चौथा मणका चुकीचा धरला असेल तर सांगा.