कॅराव्हॅन ओढत युरोप: वेगळा सॅटनॅव्ह घ्यायचा की फोनवरच भागवायचं?

विजापूररोडकर (धागाकर्ता)

आमच्या ताई-दाजींनी स्टुटगार्टला जुनी कॅराव्हॅन घेतली आहे. स्वतःचं इंजिन असलेली मोटरहोम नव्हे, मोटारीमागे हुकाला जोडून ओढायची ती. जूनमध्ये मी आणि सौ. सोलापूरहून तिकडे जाणार, मग चौघं मिळून म्युनिक, इन्सब्रुक, ब्रेनर खिंड असं करत इटलीतल्या गार्डा सरोवरापर्यंत. स्टिअरिंगवर दाजी. शेजारी बसून रस्ता सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, तेव्हा यंत्र कोणतं हे ठरवायचा हक्कही माझाच, असं मी धरून चालतो.

माझं मत सरळ आहे. कॅराव्हॅनसाठीचा वेगळा सॅटनॅव्ह, म्हणजे गाडीत लावायचं रस्ता दाखवणारं यंत्र, घ्यावा. गार्मिनची कॅम्पर मालिका आहे, टॉमटॉमचा गो कॅम्पर आहे. त्यात गाडीची लांबी, रुंदी, उंची, वजन आधी भरायचं, मग तो त्या मापाला झेपेल असा रस्ता काढतो. मोटार आणि कॅराव्हॅन मिळून आमची लांबी १२ मीटरच्या आसपास, रुंदी २.३, उंची २.६. गुगल मॅपला यातलं काही सांगायची सोयच नाही. त्याच्या लेखी आपण साधी मोटार. आणि साधी मोटार चुकली तर पुढच्या गल्लीत वळून येते. हे धूड अरुंद रस्त्यात शिरलं की मागे गाड्यांची रांग, पुढे भिंत, आणि कॅराव्हॅन हुकातून सोडवून चार माणसांनी हाताने फिरवायची.

शिवाय सॅटनॅव्हच्या पोटात अख्ख्या युरोपचे नकाशे असतात, सिमकार्डाची गरज नाही. फोन मोकळा राहतो, तापत नाही, आणि ऐन वळणावर आईचा व्हिडिओ कॉल येऊन नकाशा झाकला जात नाही.

दाजी म्हणतात, फोन आहे की! चारशे युरो कशाला घालवायचे? सौ. म्हणते दाजींचं बरोबर. विरोधी मतं जरूर येऊ द्या, पण ‘आम्ही अष्टविनायक फोनवरच केलं’ असली नकोत.

---

शेंगाचटणी

अष्टविनायक नको तर अक्कलकोट-तुळजापूर चालेल का?

मालक, तुम्ही कुठून जाऊलालाय ते तरी बघा की जरा. म्युनिक सोडलं की जर्मनीचा ए८ आणि ए९३, ऑस्ट्रियाचा ए१२ आणि ए१३, मग इटलीचा ए२२. सगळा मोटरवे. त्यावरून ४० टनी ट्रक धावतात. तुमच्या २.६ मीटरला तिथं कोण अडवणार? उंची-रुंदी बघायची ती शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरात, आणि त्यासाठी कॅम्पसाइटवाले स्वतःच कसं यायचं ते लिहून देतात. त्या पंधरा किलोमीटरसाठी ४० हजार रुपये?

नेटवर्कचं म्हणाल तर नकाशा घरच्या वायफायवर फोनमध्ये उतरवून घ्या. फोनलासुद्धा जागा उपग्रहच सांगतो, मोबाइलचा टॉवर नव्हे. आणि फोन जे करतो ते तुमचं यंत्र एकटं करू शकेलच असं नाही: पुढे कोंडी किती आहे ते आत्ताचं सांगणं. ब्रेनरच्या ए१३ वर लुएग नावाचा जुना पूल आहे. २०२५ पासून तिथं बऱ्याच दिवशी जायला एक आणि यायला एक एवढीच लेन चालू असते. सुट्टीच्या शनिवारी तिथं पोहोचलात की उंची-रुंदी राहते बाजूला.

---

विजापूररोडकर

ताजी वाहतूक सॅटनॅव्हलाही मिळते, फोनचं इंटरनेट त्याला जोडलं की. तुमचं ‘एकटं’ बरोबर, पण फोन खिशात असणारच आहे ना?

आणि ‘शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरात’ हे इतक्या हलक्यानं का म्हणताय? अडकायचं ते तिथंच. गार्डाच्या पश्चिम काठाचा रस्ता बघा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये डोंगर कोरून काढलेले जुने अरुंद बोगदे. ए२२ वर रोव्हेरेतोला उतरायचं की खाली अफीपर्यंत जायचं, यावर सगळं अवलंबून. पाच मिनिटं वाचतात म्हणून फोन तिकडून नेणार नाही, याची हमी तुम्ही घेता का?

---

उसाचा_ट्रॅक्टर (माढा)

दोघांचंही वाचलं. मी परदेशात गेलेलो नाही, पण जोडगाडी काय असते ते आम्हाला शिकवू नका. गाळप हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून जो माणूस कारखान्याच्या वळणावर मागं घेतो, त्याला विचारा. पुढं जाणं कुणालाही जमतं. मागं घेताना स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं की ट्रॉली डावीकडं जाते, आणि जरा जास्त झालं की कात्रीत अडकते. दाजींची कॅराव्हॅन म्हणजे तीच ट्रॉली, फक्त आत गादी आणि शेगडी.

म्हणून मी विजापूररोडकरांच्या बाजूनं. आमच्या ड्रायव्हरला यंत्र लागत नाही, कारण कुठल्या फाट्यावर तार खाली आलीय, कुठला कालव्याचा पूल चिंचोळा आहे, हे त्याला पाठ असतं. तुम्हाला इटलीतलं काय पाठ आहे? जिथं रस्ता पाठ नाही तिथं मापं ठाऊक असलेलं काहीतरी समोर पाहिजे.

पण एक अट. मापं खरी भरा. ओढायच्या गाडीची कागदावरची उंची आणि छतावरचा एसी, अँटेना, सायकलचा स्टँड धरून होणारी उंची वेगळी असते. टेप घेऊन स्वतः मोजा, आकडा चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. लांबी मोजताना हुकापासून मोटारीच्या नाकापर्यंतचं विसरू नका.

---

लेस्टरचा_सोलापूरकर

जन्म सात रस्त्याचा, गेली बरीच वर्षं इंग्लंडात. इथे शेजारीपाजारी निम्मे कॅराव्हॅनवाले, त्यामुळे हा वाद मी दर उन्हाळ्यात ऐकतो. माझं मत तुम्हा दोघांच्याही विरुद्ध. यंत्र कुठलंही घ्या, पण यंत्राला माप सांगितलं म्हणजे डोळे मिटले तरी चालतात, हा समज फोनपेक्षा महागात पडतो.

उदाहरण जर्मनीचंच घ्या, कारण तुम्ही तिथूनच निघणार. ऑटोबानवर (तिकडच्या मोटरवेवर) दुरुस्ती चालू असली की लेन आखडतात आणि डावीकडच्या लेनवर रुंदीची पाटी लागते. कुठे २ मीटर, कुठे २.१. तुमची कॅराव्हॅन २.३. म्हणजे तुम्ही उजव्या लेनमध्ये, ट्रकच्या मागेच राहायचं. काम आज इथे, पुढच्या महिन्यात तिथे. सॅटनॅव्हच्या नकाशावर ही लेनची बंदी असेलच असं धरून चालू नका. ती पाटी वाचायचं काम शेजारी बसलेल्याचं, म्हणजे तुमचं.

वेगाचंही तेच. जर्मनीत कॅराव्हॅन ओढताना मर्यादा ८०, वेगळी मंजुरी घेतलेल्या जोडगाडीला ऑटोबानवर १००. तो १०० चा शिक्का कॅराव्हॅनच्या मागे असतो, दाजींकडे आहे का बघा. इटलीत मोटरवेवर ८०, गावाबाहेरच्या इतर रस्त्यांवर ७०. फोन मोटारीचा वेग धरून पोहोचायची वेळ सांगणार, आणि संध्याकाळी कॅम्पसाइटचं फाटक बंद झाल्यावर तुम्ही पोहोचणार. वेगळ्या सॅटनॅव्हच्या बाजूनं बोलायचं तर हा मुद्दा मला पुलांच्या उंचीपेक्षा मोठा वाटतो, आणि तो इथे अजून कुणी काढलेला नाही.

इंग्लंडला कधी आलात तर इथे पुलांच्या पाट्या फूट-इंचात बघायची सवय ठेवा. डेव्हन-कॉर्नवॉलच्या गल्ल्यांविषयी मी काही बोलत नाही. दोन्हीकडे माणसापेक्षा उंच कुंपण आणि मध्ये एका मोटारीपुरता रस्ता.

---

शेंगाचटणी

बघा, पाटी वाचायला माणूसच लागतो म्हणे. मग ४० हजार कुणाला?

आणि एक राहिलंच. यंत्रात ‘टोल टाळा’ असं बटण असतं, ते आपल्या लोकांना फार आवडतं. सावळेश्वरचा टोल चुकवायला शेतातून जाणारे आहेत आपल्यात. ते तिथं दाबू नका. टिरोलवाल्यांनी (इन्सब्रुक ज्या प्रांतात आहे तो) २०१९ पासून मोटरवे सोडून गावातून पळणाऱ्या, नुसत्या पार जाणाऱ्या गाड्यांना सुट्टीच्या हंगामात शनिवार-रविवारी बंदी घातलीय. फाट्यावर माणसं उभी असतात, परत मोटरवेवर पाठवतात. यात तुमचा महागडा सॅटनॅव्हही फसतो आणि माझा फोनही.

---

विजापूररोडकर

टोल भरणार. ऑस्ट्रियाचं विन्येट, म्हणजे मोटरवेचा ठरावीक मुदतीचा पास, दाजी ऑनलाइन काढणार आहेत, ए१३ चा टोल त्याहून वेगळा. स्वित्झर्लंडमार्गे परतायचं डोक्यात होतं, पण तिथं कॅराव्हॅनलाही स्वतंत्र विन्येट लागतं. वर्षाचं ४० फ्रँक मोटारीचं, ४० कॅराव्हॅनचं. एका दिवसासाठी पटत नाही.

---

नवी_पेठ_मोबाइल

दुकानदार म्हणून दोन शब्द. इथून घेऊन जायच्या भानगडीत पडू नका. युरोपचे नकाशे असलेला कॅम्पर मॉडेल तिकडेच मिळतो, वॉरंटीही तिकडची. जुना घ्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी विचारा: नकाशे अजून फुकट अद्ययावत होतात का, आणि आत जागा किती. युरोपचा नकाशा काही जीबींचा असतो. तो घरी वायफायवर उतरवा, कॅम्पसाइटच्या वायफायच्या भरवशावर राहू नका. फारच जुना असेल तर हेही बघा: जीपीएस आठवडे मोजतं, तो आकडा एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा शून्यावर आला. ज्या यंत्रांना नंतर सुधारणा मिळाली नाही त्यातली काही तारीख-वेळ चुकीची दाखवतात.

आणि एक जण विचारून गेला म्हणून सांगतो. सॅटनॅव्ह भारतात आणायला हरकत नाही, तो फक्त संदेश घेतो. उपग्रहावरून बोलणारा फोन किंवा मेसेज पाठवणारं यंत्र ही वेगळी वस्तू. ती परवान्याशिवाय इथं बाळगता येत नाही, विमानतळावर अडवतात. दोन्हीला ‘सॅटेलाइटवालं’ म्हणून घोळ घालू नका.

---

जुळे_सोलापूर_ताई

मी शेंगाचटणींच्या बाजूची, पण वेगळ्या कारणानं. आम्ही न्यूझीलंडला मोटरहोम भाड्यानं घेऊन फिरलो. सगळं एकाच गाडीत, मागे काही ओढायचं नाही, आणि रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखी. तिथे दक्षिण बेटावर मुळात रस्तेच इतके थोडे की चुकायचं म्हटलं तरी कष्ट पडतात. फोनवर उतरवलेला नकाशा पुरला. कुठल्या रस्त्यावर गाडी न्यायची नाही हे करारातच लिहिलेलं होतं, क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड त्यातला एक.

म्हणजे प्रश्न ‘सॅटनॅव्ह की फोन’ असा नाहीच. ओढताय की चालवताय, आणि कुठल्या देशात? इटलीत कॅराव्हॅन ओढणार असाल तर मी सुद्धा विजापूररोडकरांचं ऐकेन. मला राग येतो तो ‘परदेश’ म्हटलं की सगळी यंत्रं एकदम विकत घ्यायच्या सवयीचा.

---

उसाचा_ट्रॅक्टर (माढा)

ताई, तुम्ही शेवटी आमच्याच बाजूला आलात की.

---

लेस्टरचा_सोलापूरकर

अजून दोन कामाच्या गोष्टी. पहिली: कॅम्पसाइटचा पत्ता टाइप करू नका, अक्षांश-रेखांश भरा. मोठ्या कॅम्पसाइटचा टपालाचा पत्ता एका रस्त्यावर आणि गाड्यांचं फाटक दुसऱ्याच रस्त्यावर, असं सर्रास असतं. एसीएसआय नावाची डच संस्था १९६५ पासून कॅम्पसाइटची पुस्तकं काढते, त्यात हे आकडे छापलेले असतात. गार्मिनच्या कॅम्पर मॉडेलमध्ये त्यांची यादी आधीच भरलेली मिळते. शेंगाचटणी, ४० हजारांतले काही इथे वसूल.

दुसरी: व्हेरोनासारख्या इटालियन शहरांच्या जुन्या भागात परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असते. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. शहर बघायचं तर कॅराव्हॅन कॅम्पवर ठेवा आणि बसनं जा.

---

शेंगाचटणी

बसनं जायचं, पाटी स्वतः वाचायची, फाटकाचे आकडे पुस्तकातून घ्यायचे. मला आता यंत्राचं काम काय ते दिसंना झालंय. आणि कॅमेऱ्यावरून आठवलं. स्पीड कॅमेऱ्याची सूचना देणारी सोय जर्मनीत चालवणाऱ्यानं वापरायची नाही, स्वित्झर्लंडमध्ये तर असं यंत्र जवळ बाळगायचंही नाही. ती आधी बंद करून निघा, फोनवरची पण.

---

विजापूररोडकर

दाजींशी काल बोललो. चारशे युरोतले निम्मे मी देणार या अटीवर ते तयार आहेत. सात इंची मॉडेल, तिकडेच घेणार. फोनवरचा नकाशाही उतरवून ठेवतोय, यंत्राचं आणि फोनचं जमलं नाही तर गाडी बाजूला घेऊन बघू. टेपनं मोजायला ताईला सांगितलंय. छतावर एसी निघाला, उंची २.८ भरली.

---

लेस्टरचा_सोलापूरकर

आता एवढंच: कॅम्पवर कॅराव्हॅन सोडून नुसती मोटार घेऊन किराणा आणायला निघालात की यंत्रातली गाडी बदलून ‘मोटार’ करा. परत जोडलीत की परत बदला. मोटारीचं राहून गेलं आणि कॅराव्हॅन जोडून निघालात, तर तुमच्यात आणि शेंगाचटणींच्या फोनमध्ये काही फरक उरत नाही.

---

शेंगाचटणी

हे ते बदलायला विसरणार. लिहून ठेवा.