थ्रीडी प्रिंट नीट बसले, मग मोल्डसाठी डिझाइन का बदलावे?

प्रश्न: आमच्या मीटरचे एबीएस प्लास्टिकचे कव्हर थ्रीडी प्रिंटमध्ये व्यवस्थित बसले, मात्र भोसरीतील टूलरूमने, म्हणजे मोल्ड (साचा) बनवणाऱ्या कारखान्याने, उभ्या भिंतींना ड्राफ्ट (पार्ट साच्यातून सहज निघावा म्हणून दिलेला किंचित उतार) द्यावा आणि रिब (भिंतीला बळकटी देणाऱ्या आतील पट्ट्या) पातळ कराव्यात, असे सांगून काम थांबवले आहे. भिंत आणि रिब दोन्ही ३ मिमी आहेत. हे बदल खरोखर आवश्यक आहेत काय?

मोल्ड डिझायनर: होय. रिब भिंतीइतकी जाड असल्यास सांध्यापाशी प्लास्टिक उशिरा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या, म्हणजे नेमक्या ग्राहकाला दिसणाऱ्या बाजूवर खळगा पडतो. रिब भिंतीच्या ५० ते ६० टक्के ठेवावी. ड्राफ्ट साधारण १ अंश द्यावा. पृष्ठभागावर टेक्स्चर (खरखरीत नक्षी) असल्यास अधिक, अन्यथा पार्ट निघताना ओरखडे उमटतात.

गुणवत्ता विभागातील एक सदस्य: एबीएस सुमारे ०.४ ते ०.७ टक्के आकसते. ते टूलरूम मोल्डमध्ये धरते, ड्रॉइंगमध्ये पुन्हा धरू नये. प्रत्येक मापाला सरसकट ±०.०५ मिमी टॉलरन्स (चालणारा फरक) लिहिण्याची आपल्याकडील सवय तर सोडाच. झाकण बसते तेवढीच मापे काटेकोर ठेवावीत.

प्रश्नकर्ता: रिब १.६ मिमी केली. आतील हुकचे काय करावे?

मोल्ड डिझायनर: हुकसमोर भिंतीत खिडकी ठेवता आली, तर बहुधा लिफ्टर (हुक सोडवण्यासाठी मोल्डमध्ये तिरका सरकणारा भाग) लागणार नाही आणि मोल्ड स्वस्त पडेल. मोल्डचे स्टील कापण्यापूर्वीच हे ठरवावे.