'समुपदेशक' म्हणजे नेमका कोण?

गोदाकाठ : पुतणी लातुरात नीटची तयारी करते. दोन महिने झाले, झोप नाही, जेवणावर वासना नाही. तिच्यासाठी समुपदेशक शोधायलो. घरमालकाला विचारलं, "इथं काउन्सेलिंग कुठं चांगलं होतं?" तर म्हणे, "आधी निकाल तर लागू द्या!" त्यांना वाटलं, प्रवेशाच्या फेऱ्या. समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ हे सगळे एकच का?

शब्दवेडी : घरमालकाचं काय चुकलं? लातूर-नांदेडात काउन्सेलिंग म्हणजे कॉलेज मिळणं. 'समुपदेशन'ची फोड सम् + उपदेशन, आणि घोळ या 'उपदेशा'तच आहे. आपल्याकडं उपदेश म्हणजे गुरूनं कानात सांगितलेला मंत्र. महानुभावांत उपदेश घेऊन संसारात राहणाऱ्याला 'उपदेशी'च म्हणतात. बोलण्यात मात्र उपदेशाचे डोस पाजतात. समुपदेशकानं यातलं काहीच करायचं नसतं. पहिल्याच भेटीत "सकाळी उठून ध्यान कर, मोबाइल सोड, आईबापाचं ऐक" सुरू झालं, तर तिथून उठा. ते काम करायला आपल्या घरात मामा आहेतच.

मन्याडकर : आमच्या तालुक्याला हा शब्द आला तो सरकारी दवाखान्याच्या पाटीवरून : 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र'. चाचणी एचआयव्हीची. त्या दाराशी कुणी दिसलं की गावभर कुजबुज. म्हणून अजूनही 'समुपदेशनाला जातो' म्हणायला माणूस कचरतो.

आष्टीची : मी या क्षेत्रात आहे, म्हणून जरा लांबण लावते. मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषध लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, तो क्रमांक खुशाल मागा. पाटीवर नुसतं 'समुपदेशक' असेल तर शिक्षण विचाराच. कुणी मानसशास्त्रात एमए असतो, कुणी चार दिवसांचं शिबिर केलेला. फी किती, वेळ किती, मुलीचं बोलणं पालकांना कितपत सांगणार, हे फोनवरच विचारा. चिडला तर दुसरा बघा. दोन-तीन भेटींत मुलीचं मन मोकळं होईना, तरी बदला. त्यात त्याचा अपमान नाही. आणि भाषा बघा. "जीव घाबरा होतो", "करमंना" हे ज्याला उलगडून सांगावं लागतं, त्याच्यासमोर पोरगी अर्धंच बोलेल. इतके दिवस झोप नाही, तर आधी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवा. तोवर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. जीव नकोसा झाल्यासारखं बोलत असेल तर तिला एकटी ठेवू नका, थांबू नका, आजच न्या.

शब्दवेडी : 'मनोविकार'मधला 'विकार' मला तरी खुपतो.

मन्याडकर : आमच्याकडं अजून 'येड्याचा डॉक्टर'च आहे, त्यापुढं विकार बरा म्हणायचा. भांडणात तर थेट "येरवड्याला पाठवा ह्याला"! मराठवाड्यातून येरवडा केवढ्या लांब, पण शिवी पोचली.

गोदाकाठ : जीव नकोसा वगैरे काही बोलत नाही ती, विचारलं मी. उद्या सकाळी सरकारी रुग्णालयात नेतो. आमच्या आईला मात्र 'झोपेच्या डॉक्टरकडं चाललो' एवढंच सांगितलंय.

आष्टीची : आजीला काय सांगायचं ते सांगा. पोरीला खरं नाव सांगून न्या.