प्रसिद्धीच्या मागे न लागता गाण्यात खरंच जास्त मजा असते का?

मंद्रसप्तक:
सहा वर्षं मी दर आठवड्याला गाण्याचा एक व्हिडिओ टाकायचे. गेल्या वर्षी बंद केलं आणि आता परत गाताना मजा यायला लागलीय, म्हणून हा विषय काढतेय. माझं म्हणणं असं की व्ह्यूजच्या मागे लागलं की नुसता वेळ जात नाही, गाणंच बदलतं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम धरतात, रीलवर तर तेवढाही धीर कोणाला नसतो, म्हणून मी आधी आलाप कापला, मग मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, जागा कापल्या कारण फोनच्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही, मग थेट मुखडा. उरलं ते मला कधी गायचंच नव्हतं.

बंद केल्यावर पहिल्यांदा तंबोरा काढला, इतके दिवस ॲपवरच चाललं होतं. तारेखालचा दोरा केसभर इकडे केसभर तिकडे करत बसले. आधी तार नुसती ठण्ण वाजते, मग एका जागी दोरा आला की ती खुलते आणि खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, तारेतून गंधार, म्हणजे ग, आपोआप ऐकू यायला लागतो, कोणी न छेडता. अर्धा तास त्यातच गेला, गायले काहीच नाही, पण इतकं बरं वाटलं की काय सांगू.

ठेकेकरी:
तुमचं घर गाण्यावर चालत नसणार, म्हणून हे बोलता येतं. मी तबला वाजवतो, शिकवण्या आणि साथ हेच उत्पन्न. २०२४ पासून स्पॉटिफाय वर्षात १००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला एक पैसा देत नाही. आता सांगा, आकडा बघू नको म्हणजे काय करू? लोकांना आपलं नाव माहीत असणं ही हौस नाही हो, त्यावरच पुढचं काम मिळतं.

पांढरी_चार:
मी मंद्रसप्तकच्या बाजूने. १९७३ सालचा मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आहे, चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर बक्षीस ठरवून दिलेली मुलं चित्रांकडे कमी वळायला लागली होती, अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नाही. म्हणजे कौतुकाने नुकसान होत नाही, कौतुकासाठी म्हणून बसलं की होतं. रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं की माझाही हात पेटीवर जड होतो.

समेवर_भेटू:
मला हे पटत नाही. ऐकणारं कोणी नसलं की सूर सैल पडतो. घरी एकटं असताना तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर यायचा तुकडा, चुकली तर आपण पुढे जातो, समोर चार माणसं असली की घाम फुटतो, आणि तोच घाम कामाचा. उदाहरणंही नेहमी अर्धीच देतात. पियानोवादक ग्लेन गूल्डने १९६४ मध्ये ३१ व्या वर्षी स्टेज सोडलं, पण रेकॉर्डिंग १९८२ मध्ये जाईपर्यंत चालू होतं. सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवी लोकांसमोर वाजवायच्या थांबल्या, पण सतारवादक निखिल बॅनर्जी, बासरीवादक हरिप्रसाद चौरसियांना शिकवलं की. ऐकणारा दोघांनीही सोडला नाही.

मंद्रसप्तक:
बरोबर आहे, ऐकणारा हवाच, मी नीट लिहिलं नाही. माझी एक मैत्रीण महिन्यातून एकदा येते, पेटी धरते. मागच्या वेळी तिने मला मधेच थांबवलं, म्हणाली हा कोमल निषाद कुठून आणलास, परत घे. मी दहा वेळा घेतला, आठव्या वेळेला तो जिथे बसायला हवा तिथे बसला आणि आम्ही दोघी गप्पच झालो. शेवटची चार वर्षं माझ्या कमेंटमध्ये नुसते हार्ट यायचे, एका सुराबद्दल कोणी विचारलं नाही. ठेकेकरी, तुमच्या पोटाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, ते मान्य. पण काम मिळण्यापुरतं नाव आणि रोज सकाळी उठून आकडा बघणं ह्यात फरक आहे ना? मी दुसरंच करत होते.

ठेकेकरी:
फरक आहे, पण बाहेरून तो दिसतो तेवढा सोपा नाही, काम कमी झालं की हात आपोआप आकड्याकडेच जातो. आणि एक विचारू? ती मैत्रीण तुम्हाला भेटली कुठे? अशी माणसं दारात चालत येत नाहीत, आधी त्यांच्या कानावर तुमचं गाणं पडावं लागतं.

मंद्रसप्तक:
व्हिडिओमुळेच भेटली, खोटं कशाला बोलू. अगदी पहिल्या वर्षीचा होता, आलाप न कापलेला, अकरा मिनिटांचा. ४१ व्ह्यूज होते त्याला.