मदत हवी आहे: वृद्धाश्रमात थेरपी डॉग सुरू करायचाय

नमस्कार मंडळी, मी नाशिकला एका वृद्धाश्रमात सोशल वर्कर आहे. आमच्याकडे डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) बरेच आजीआजोबा आहेत, त्यातल्या एक आजी कुणाशी म्हणजे कुणाशीच बोलत नाहीत पण वॉचमनकाकांचा कुत्रा दिसला की हात पुढे करून 'मोत्या, ये रे' म्हणतात, आणि ते बघून मला फार मनापासून वाटतंय की थेरपी डॉग, म्हणजे ट्रेनिंग घेतलेला कुत्रा आजीआजोबांना भेटायला आणणं, हे नीट, शिस्तीत सुरू करावं.

अडचण ट्रस्टींची आहे. चावला तर? रेबीज? इन्फेक्शन? त्यांची भीती मला चुकीची वाटत नाही, म्हातारपणी कातडी इतकी नाजूक होते की साध्या नखाच्या ओरखड्यानेही जखम होते. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांसाठी 2015 ची गाईडलाइन आहे, त्यात कुत्रा किमान एक वर्षाचा हवा, कच्चं मांस खाणारा नको, भेट जास्तीत जास्त एक तास आणि हात लावण्याआधी नि नंतर सॅनिटायझर, असं दिलंय. पण ते तिकडचं, इथे कसं बसवायचं?

कुणी केलंय का असं? नाशिकमध्ये किंवा पुण्याहून येणारी ट्रेनिंग घेतलेली टीम माहितीये का, खर्च किती येतो? ज्यांना स्वतःला नीट सांगता येत नाही त्यांची संमती मुलांकडून लेखी घेता का? ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांचं काय करता? आणि कुत्रा थकला, सारखी जांभई देतोय, ओठ चाटतोय, तर सेशन तिथेच थांबवायचं हे कोण ठरवतं, त्याला घेऊन येणारा हँडलर की आपण? प्लीज सविस्तर सांगा, पुढच्या मीटिंगआधी मला सगळं लिहून द्यायचंय.