घरी केलेले लाकडी बाण डावीकडे जातात, स्पाइन (बाणाचा कडकपणा) चुकतंय का अजून काही?

नवा_नेम
नमस्कार मंडळी. माझ्याकडे 40 पाउंडाचा लाँगबो आहे (28 इंच ओढल्यावर 40 पाउंडाचा जोर, माझा ड्रॉ म्हणजे ओढ 27 पर्यंत येतो), मी उजव्या हाताने मारतो. कार्बनचे बाण या धनुष्यावर मनाला पटेनात म्हणून दोन महिने खपून 12 लाकडी बाण स्वतः केले. पाइनच्या 8 मिमी डॉवेल (गोल काठ्या) घेतल्या, 29 इंचाला कापल्या, पुढे 125 ग्रेन वजनाचे पॉइंट (टोकं), मागे प्लास्टिकचे नॉक (दोरीत अडकणारी खाच) आणि 4 इंची तीन तीन पिसं. दिसायला इतके सुंदर झालेत की पहिल्या दिवशी मारायला जीवच होईना. पण मारले तर 12 मधले चार बऱ्यापैकी जागेवर, पाचसहा चांगले वीतभर डावीकडे आणि दोन तर हवेत शेपूट हलवत जाऊन टार्गेटमध्ये तिरके घुसतात. नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची जागा) वर केला खाली केला, ब्रेस हाइट (धनुष्य आणि दोरीमधलं अंतर) 7 इंचांवरून साडेसात केली, शेल्फचं (बाण टेकतो त्या जागेचं) चामडं बदललं, रोज काहीतरी बदलतोय आणि रोज नवाच निकाल येतोय. आता बेअर शाफ्ट (पिसं न लावलेली बाणाची काठी मारून बघणं) करून बघू का? कुठून सुरुवात करू सांगा प्लीज.

रंधा_आणि_दोरी
आधी थांबा, धनुष्याला हात लावू नका. 12 पैकी चार नीट जातात म्हणजे तुमचा हातही ठीक आहे आणि धनुष्यही ठीक आहे. तुमच्याकडे 12 बाणांचा संच नाहीये, 12 वेगवेगळे बाण आहेत, आणि वेगवेगळ्या बाणांवर धनुष्य ट्यून होऊच शकत नाही कारण आज एका बाणासाठी जे बरोबर केलं ते उद्या दुसऱ्यासाठी चूक ठरतं. डॉवेल विकणारा माणूस ती बाणासाठी विकत नसतो, व्यास 8 मिमी असला की त्याचं काम झालं. एकाच गठ्ठ्यातल्या दोन डॉवेलमध्ये एक 35 पाउंडची निघते आणि शेजारची 55 ची, डोळ्याला काही म्हणजे काही कळत नाही.

तर आधी स्पाइन मोजा. मशीन विकत घ्यायची गरज नाही. फळीवर दोन खुंट्या बरोबर 26 इंच अंतरावर ठोका, त्यावर शाफ्ट आडवा ठेवा, मधोमध 2 पाउंड म्हणजे 907 ग्रॅम वजन टांगा (पाण्याची बाटली काट्यावर ठेवून तेवढी भरली तरी चालते, बाटली आणि हूक धरून 907) आणि मध्यभागी शाफ्ट किती खाली वाकला ते मोजा. 26 ला त्या इंचांनी भागलं की पाउंडात स्पाइन. मिमीमध्ये मोजलं तर 660 ला मिमीने भागा. म्हणजे साडेसोळा मिमी वाकला तर 40 पाउंड, 13.2 वाकला तर 50. मोजताना नॉकची खाच वर येईल असा धरून बघा आणि मग 90 अंश फिरवून परत बघा, दोन आकडे वेगळे येतील. धनुष्याला जी बाजू लागते तिच्या दिशेने वाकवल्यावरचा आकडा तुमच्या कामाचा.

प्रत्येक शाफ्टवर पेन्सिलने आकडा लिहा, सोबत वजन लिहा, आणि इथे टाका. मग बोलू.

तिरपी_नजर
वरच्यांशी शंभर टक्के सहमत. एकच भर घालते, आणि ही स्पाइनच्याही आधीची आहे: लाकडाच्या रेषा बघितल्यात का? डॉवेल मशीनवर सरळ फळीतून काढतात, झाड सरळ वाढलंय का याच्याशी मशीनला देणंघेणं नसतं, त्यामुळे रेषा बऱ्याचदा तिरक्या जाऊन मध्येच बाजूने बाहेर पडतात. असा बाण सुटताना त्या तिरक्या रेषेवर चिरतो आणि मागचा तुकडा पूर्ण जोराने पुढे येतो, आणि पुढे काय असतं तर तुमचा धनुष्य धरलेला हात. माझ्यासोबत मारणाऱ्या एकाच्या अंगठ्याच्या मुळाशी चार इंची फाळका घुसलेला मी स्वतः बघितलाय, त्यामुळे हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगते, कंटाळा आला तरी सांगते.

ज्यात रेषा दोनतीन इंचात आरपार बाहेर पडते तो शाफ्ट सरळ बाजूला काढा, झाडं बांधायला वापरा. थोडीशी तिरकी असेल तर नॉक असा बसवा की बाणाच्या वरच्या अंगाला रेषांचे जे टोकदार व्ही दिसतात त्यांची टोकं पॉइंटकडे असतील. मग चुकून चिरलाच तर मागचा तुकडा वर चढून हातावरून निघून जायची शक्यता जास्त.

आणि नॉकची खाच वाढीच्या रेषांना काटकोनात हवी. तशी असली की शाफ्टची कडक बाजू धनुष्याला लागते, सगळ्या बाणांची तीच बाजू लागते. तुमचे दोन बाण शेपूट हलवतात ना, मला वाटतं त्यांचे नॉक कसेही फिरवून चिकटवलेत. दुसरं म्हणजे सगळी पिसं एकाच पंखाची आहेत का बघा. डाव्या पंखाची आणि उजव्या पंखाची एका बाणावर मिसळली तर एक पीस बाणाला इकडे फिरवतं, दुसरं तिकडे.

नवा_नेम
बापरे. पिसं एकाच बाजूची आहेत, ते तपासून घेतलं होतं. पण नॉक मी डोळे झाकून बसवलेत, रेषांचं काही डोक्यातच नव्हतं. दोन बाणांमध्ये रेषा बाजूने बाहेर पडलेल्या दिसल्या, ते दोन्ही काढून टाकले. काल रात्री खुंट्या ठोकून बाकीचे 10 मोजले: 36, 38, 39, 40, 46, 48, 51, 52, 54, 58. जागेवर जाणारे चार म्हणजे नेमके पहिले चार!! मी दोन तास नुसता त्या आकड्यांकडे बघत बसलो होतो. मग 46 च्या वरचे टाकून द्यायचे का? 40 पाउंडाच्या धनुष्याला 40 चा बाण असंच ना?

रंधा_आणि_दोरी
टाकू नका, बारीक करा. पण आधी तुमचा दुसरा प्रश्न, कारण तिथे बरेच जण फसतात. पारंपरिक लाँगबोमध्ये बाण मधोमध नसतो, धनुष्याच्या जाडीमुळे तो बाजूला ढकललेला असतो. दोरी मात्र मधोमध येते. म्हणजे बाण सुटल्यावर त्याला धनुष्याला वळसा घालून जावं लागतं, तो आधी एका बाजूला वाकतो, मग दुसऱ्या बाजूला, असा माशासारखा हलत पुढे जातो आणि काही मीटरनंतर सरळ होतो. 1930 च्या दशकात हिकमन नावाच्या शास्त्रज्ञाने हाय स्पीड कॅमेऱ्याने हे टिपलं होतं. बाण फार कडक असला तर हा वळसा घेत नाही, धनुष्याला अंग घासून बाहेर फेकला जातो, उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावीकडे. फार मऊ असला तर उजवीकडे. तुमचे डावीकडे जातायत कारण ते कडक आहेत, साधी गोष्ट.

त्यामुळे मध्यापर्यंत न कापलेल्या लाँगबोला बाण ड्रॉ वेटपेक्षा (ओढीच्या जोरापेक्षा) 5 एक पाउंड कमीच आवडतो. तुमचा ड्रॉ 27 ला येतो म्हणजे हातात 38 च्या आसपास पडत असणार, म्हणून 35 ते 40 ही तुमची जागा. फास्ट फ्लाइट (कमी ताणली जाणारी) दोरी असेल तर थोडं वर.

आता बारीक करणं. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणून अगदी थोडं घासलं तरी खूप फरक पडतो. 8 मिमीचा शाफ्ट पाव मिमी कमी केला की साधारण 12 टक्के कडकपणा जातो, 46 वाला 40 वर येतो. ड्रिलमध्ये एक टोक धरा, सँडपेपर हातात गुंडाळून पूर्ण लांबीभर एकसारखा फिरवा, हात पोळतो म्हणून चामड्याचा तुकडा घ्या. दर मिनिटाला थांबून व्हर्नियरने आणि खुंट्यांवर मोजा, घासलेलं परत येत नाही. 58 वाला मात्र सोडून द्या, तो 40 वर आणायचा तर व्यास सव्वासात मिमीच्या आसपास जाईल आणि पॉइंट, नॉक काहीच बसणार नाही.

वजनही विसरू नका. लाकडी धनुष्याला पाउंडामागे निदान 8 ग्रेन, 10 असले तर उत्तम, म्हणजे तुमचा पूर्ण बाण 400 ग्रेन, 26 ग्रॅमच्या आसपास. फार हलका बाण म्हणजे धनुष्याला जवळजवळ रिकामी दोरी सोडल्यासारखं.

जुनाट_भाता
उशिरा आलो पण राहवत नाही. बेअर शाफ्टबद्दल कोणीच बोललं नाही. करा, पण शेवटी करा. संच जुळला की त्यातल्या दोन शाफ्टना पिसं न लावता 10 मीटरवरून मारा, मऊ टार्गेटमध्ये. लाकडी बेअर शाफ्ट तिरका घुसला की मोडतो, म्हणून लांबून मारायचा हट्ट नको. पिसवाल्यांच्या डावीकडे गेला तर अजून कडक आहे, उजवीकडे तर मऊ. खाली गेला तर नॉकिंग पॉइंट फार वर आहे, मिलिमीटर मिलिमीटरने खाली घ्या. इथे एक फसगत होते, नॉकिंग पॉइंट फार खाली असला तर बाणाची शेपूट शेल्फवर आपटून वर उडते आणि वाटतं की नॉकिंग पॉइंट वर आहे, म्हणून नेहमी जास्त वरून सुरू करून खाली या.

थोडासा कडक राहिला तर घासायच्या आधी 125 च्या जागी 145 किंवा 160 चा पॉइंट लावून बघा, पुढे वजन वाढलं की बाण मऊ वागतो. बाजूचं चामडं पातळ केलं तरी बाण मध्याकडे सरकतो आणि डावीकडे जाणं कमी होतं. पुढच्या संचाला कापताना लांबी एक इंच जास्तच ठेवा, लांब बाण मऊ वागतो, मग थोडा थोडा कापत हवा तिथे आणता येतो.

आणि सरळपणा रोज बघा. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि वाकतं. दोन नखांच्या मध्ये धरून फिरवा, वाकडा असेल तर हातात थरथरतो. उंचवट्यावर चमच्याची पाठ जोराने घासा, लाकूड गरम होतं, मग हाताने हलकं उलट वाकवून थंड होईपर्यंत धरा. झालं की चपड्याचे दोनतीन हात द्या, टोकाच्या उघड्या लाकडाला आधी.

लोकांना वाटतं हे नाजूक लाड आहेत. 1991 मध्ये आल्प्समध्ये बर्फात गोठलेला सापडलेला प्राचीन माणूस ओट्झी, त्याच्या भात्यात 14 काड्या होत्या, त्यातल्या फक्त दोनच पूर्ण तयार बाण. पिसं बर्चच्या डांबराने चिकटवून वर दोऱ्याने बांधलेली, तीही तीन. पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूसही आधी काड्या जमवत होता आणि सावकाश एकेक पूर्ण करत होता.

नवा_नेम
अपडेट देतो. 46 आणि 48 वाले घासून 39 आणि 40 वर आणले, 51 वाला हात घसरून 33 झाला, तो गेला. सगळे नॉक गरम पाण्याने सैल करून काढले आणि रेषा बघून परत बसवले. आता सहा बाण आहेत, 36 ते 40. आज सकाळी 15 मीटरवरून मारले, सहाही तळहाताएवढ्या जागेत आणि एकही शेपूट हलवत गेला नाही. एक अजून बोटभर डावीकडे जातो, पाचव्यांदा मारला तरी तिथेच, त्याला 145 चा पॉइंट लावून बघतोय. 52 आणि 54 ला उद्या हात घालेन, या वेळी दर अर्ध्या मिनिटाला मोजणार. तिरपी नजर ताई, बाण मारायच्या आधी प्रत्येक वेळी वाकवून कुठे चिरलाय का ऐकायचं असं म्हणतात, ते नेमकं कसं करायचं?

तिरपी_नजर
छान झालं, सहा म्हणजे पुष्कळ! दोन्ही टोकं हातात धरायची, चेहऱ्यापासून लांब, हलकंसं वाकवायचं, थोडं फिरवायचं, परत वाकवायचं, असं चारही बाजूंनी. कट्ट असा बारीक आवाज आला किंवा एका जागी कोन पडल्यासारखा वाकला तर तो बाण तिथल्या तिथे मोडून टाका, म्हणजे उद्या चुकून भात्यात परत जाणार नाही. दगडाला लागला किंवा दुसऱ्या बाणाने त्याला घासलं तर हमखास करा. पिसांच्या पुढची जागा आणि पॉइंटच्या मागची एक इंच जागा नीट बघा, मोडतो तो तिथेच.